पाचपैकी तीन

सूत्रसंचालक म्हणाला, प्रत्येकी तीन मिनिटं.
'लेखक आम्हाला ठाऊक आहेत,
तुम्ही वडील सांगा.'
सभागृहाचा एसी बंद, बाहेर पंचेचाळीस.
पहिल्या रांगेत निमंत्रणपत्रिकांचेच पंखे,
प्रत्येक पंख्यावर भाऊंचा चेहरा
हलत होता, नाही-नाही म्हणावं तसा.

आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो.
काका म्हणत, म्हणून आम्हीही.
बाबा हा शब्द आमच्या घरात
फक्त छापील होता.

धनू आधी बोलला. मास्तर आहे, त्याला जमतं.
गोळीबार चौकातला आजोबांचा माग सांगितला,
धोट्याची खटखट, त्या ठेक्यात भाऊंची वाक्यं.
टाळ्या पडल्या.
त्या मागावर बसावं लागू नये म्हणूनच
भाऊ एजी ऑफिसात चिकटले,
हे त्यानं गाळलं.

मग माझं नाव.
आणि खुर्च्यांमधून कुजबुज सरकली:
हीच ती, सायकलवाली.

नववीच्या पुस्तकात होती ती गोष्ट.
अंबाझरीच्या बांधावर एक बाप
मुलीच्या सायकलचं कॅरिअर धरून धावतो
आणि तिला न सांगता हात सोडतो.
किती वर्गांतल्या किती मुली
त्या बांधावरून सुटल्या.
मी नाही.
मला धनूनं शिकवली, रेशीमबागच्या मैदानात,
तासाला आठ आणे भाड्याच्या सायकलवर.
माझा गुडघा फुटला त्या दुपारी
भाऊ बंद दाराआड
ती गोष्ट लिहीत होते.
दार वाजवायचं नसे.
आई हळद दाबत म्हणाली,
'रडू नको मोठ्यानं, ते लिहून राह्यले.'

सहामाहीला प्रश्न आला:
बापाने हात का सोडला? लेखकाच्या मते. गुण पाच.
आदल्या रात्री लेखकालाच विचारलं होतं मी.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
'मले का माहीत? गाईडमंदी पाह्य.'
पाहिलं. लिहिलं. पाचपैकी तीन.
बाईंचा लाल शेरा:
लेखकाचा हेतू नीट समजलेला नाही.
भाऊंनी त्याखाली सही केली, पालक म्हणून.
तीच लफ्फेदार सही,
जिच्यासाठी पुस्तक उघडून लोक उभे राहत.

बेबीचा बाप निराळाच.
तिच्या वाट्याला रिटायर झालेले भाऊ आले,
लिहिणं आटलेले,
तिच्या वेण्या घालणारे, भांग वाकडा पाडणारे,
गोकुळपेठेत तिला घेऊन तासभर वांगी निवडणारे.
ती माइकसमोर नुसती रडली.
मला तिचा राग आला.
राग नाही, दुसरं काहीतरी. जुनं आहे.

मी काय बोलले?
म्हणाले, त्यांनी हात सोडला
तेव्हा मला कळलंच नाही.
अगदीच खोटं नव्हतं.
एका आजोबांनी उठून डोळे पुसले.

तीन मिनिटांत हे बसलं नाही:
मे महिन्यात रात्री दोनला नळ यायचा.
भाऊ उठायचे, बादल्या ओतून कूलर भरायचे,
वाळ्याची ताटी भिजवायचे,
आणि ओले हात
आमच्या पायांवर झटकायचे, एकेकाच्या,
धनू, मग मी, मग पाळण्यातली बेबी.
आम्ही गाढ झोपेचं सोंग घ्यायचो.
जागं सापडलो असतो
तर दुसऱ्या रात्री त्यांनी हात पुसले असते.
हे त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही.
मी शोधलंय. अकरा पुस्तकं,
आणि चार कॅलेंडरांची मागची पानं.

सभा झाल्यावर तिघंही घरीच थांबलो.
रात्री कूलर कोरडा खडखडला,
धनू उठला. बादलीची कडी वाजली.
अंधारात मी पाय चादरीबाहेर काढले.
शेजारी बेबीनंही.
पन्नाशीला टेकलेल्या दोन बायका,
श्वास धरून.

धनूनं टॉवेलला हात पुसले,
पंप कामातून गेलाय म्हणाला,
आणि झोपला.